तडा जातो तेव्हा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते फळ्यावर आकृती काढल्याशिवाय एकही सूत्र सांगत नसत. जे घडतं ते आधी डोळ्यांपुढे उभं राहिलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून आज मी पाहण्याविषयीच बोलणार आहे.

काच फुटते, हाड मोडतं, गाडीचा पत्रा चेपतो. अशा वेळी आपल्या हाती दोनच गोष्टी असतात, आधीची वस्तू आणि नंतरचे तुकडे. मधला काळ सेकंदाच्या काही हजाराव्या, कित्येकदा दशलक्षाव्या भागात संपतो, आणि जे घडायचं ते वस्तूच्या पोटात घडतं. आघाताच्या अभ्यासाला दीडशे वर्षं झाली. त्यातला बहुतेक काळ या मधल्या क्षणाविषयी बाहेरून अनुमान करण्यात गेला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते अनुमान प्रत्यक्षाशी ताडून पाहता येऊ लागलं आहे. त्याचं श्रेय एक किलोमीटर घेराच्या अवाढव्य यंत्रांना दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण माझं म्हणणं असं की त्या यंत्राशेजारच्या खोलीत बसवलेला पोलादी दांडा, एक झडप आणि नखाएवढी स्फटिकाची चकती यांनाही त्या श्रेयात बरोबरीचा वाटा आहे. वेगवेगळ्या घड्याळांवर चालणाऱ्या या वस्तूंना एका क्षणावर आणणं, हा या सगळ्या उद्योगाचा खरा पराक्रम आहे.

अनुमानाची वाट किती अवघड होती, ते एका जुन्या प्रयोगावरून कळतं. १८७२ साली जॉन हॉपकिन्सन या ब्रिटिश अभियंत्यानं लोखंडाची तार उभी टांगली, तिच्या खालच्या टोकाला अडथळा बसवला आणि तारेवरून घसरत येणारं वजन त्या अडथळ्यावर आदळू दिलं. तार कुठे तुटेल? जिथे घाव बसतो तिथे, खाली, असं कुणीही म्हणेल. ती अनेकदा वर, टांगलेल्या जागी तुटली. शिवाय वजन जड की हलकं याला फारसं महत्त्व नव्हतं. ते किती उंचीवरून आलं, म्हणजे किती वेगानं आदळलं, यावर सगळं ठरत होतं. कारण असं, की घाव तारेतून लाटेसारखा वर जातो, घट्ट धरलेल्या टोकाशी परततो, आणि जाणारी व परतणारी लाट जिथे एकमेकींवर चढतात तिथे ताण दुपटीच्या घरात जातो. लाट कुणी पाहिली नव्हती. तुटलेल्या जागेवरून ती ओळखली गेली.

जॉनचा मुलगा बर्ट्राम हॉपकिन्सन केंब्रिजमध्ये प्राध्यापक होता. स्फोटाचा आणि बंदुकीच्या गोळीचा दाब मोजण्यासाठी त्यानं १९१४ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. लांब पोलादी दांड्याच्या एका टोकाशी स्फोट करायचा आणि दुसऱ्या टोकाला छोटा तुकडा नुसत्या ग्रीसनं चिकटवून ठेवायचा. दाबाची लाट त्या तुकड्यात शिरते, मोकळ्या टोकावरून खेचणारी लाट बनून परतते, ग्रीसला ती खेच सोसत नाही आणि तुकडा लाटेचा काही संवेग घेऊन उडून जातो. तुकड्याची लांबी बदलत गेलं, की लाट किती काळ टिकली तेही कळतं. बर्ट्राम १९१८ मध्ये विमान अपघातात गेला. त्याचा दांडा मात्र राहिला. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्कीनं दोन दांड्यांच्या मध्ये नमुना ठेवला, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत कोल्स्की बार या नावानं जे उपकरण दिसतं ते तयार झालं.

त्याचं काम समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. गॅस गनमधून एक छोटा दांडा सुटतो आणि पहिल्या लांब दांड्यावर आदळतो. पोलादात लाट सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जाते. आदळणारा दांडा ३० सेंटिमीटर लांब असेल, तर धक्का १२० मायक्रोसेकंद टिकतो. लाट नमुन्यापाशी पोचते, थोडी परतते, थोडी नमुन्यातून दुसऱ्या दांड्यात जाते. दांड्यांवर चिकटवलेल्या, ताण मोजणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्ट्रेन गेज, या लाटा नोंदवतात आणि त्यांवरून नमुन्यावर किती ताण आला, तो किती दबला, याचं गणित होतं. मोटारीच्या टकरीत पत्रा कसा वागेल याचं संगणकावरचं अनुकरण अशाच चाचण्यांच्या आकड्यांवर चालतं. पुण्यात वाहनांच्या सुरक्षिततेचं काम करणारे अभियंते ते रोज वापरतात.

पण हे आकडे दांड्यांच्या टोकांशी मोजलेले असतात. नमुन्याच्या आत ताण सगळीकडे सारखा पसरला आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तांबं, ॲल्युमिनियम अशा लवचीक धातूंना ते बऱ्यापैकी लागू पडतं. काच, सिरॅमिक, काँक्रीट, हाड यांना ते लागू पडेलच असं नाही, कारण ताण पसरण्याआधीच तडा सुटलेला असू शकतो. गेजवरची रेघ खाली आली म्हणजे आत काहीतरी तुटलं एवढंच समजतं. कुठे सुटलं, एक तडा की शंभर, हे ती रेघ सांगत नाही.

कॅमेरा ही उणीव अर्धीच भरतो. आपल्याकडेही या दिशेनं फार लवकर काम झालं आहे, आणि ते विसरलं गेलंय याचं मला वाईट वाटतं. प्रकाशाच्या विकिरणावरील शोधाच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अत्यंत कमी वेगाच्या आघातांचा छायाचित्रांच्या साहाय्यानं अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे जर्मनीत ह्यूबर्ट शार्डिननं काचेतल्या तड्यांची वेगवान छायाचित्रं घेतली आणि काचेत तडा सेकंदाला सुमारे दीड हजार मीटरच्या पुढे जात नाही हे दाखवलं. पण काच पारदर्शक आहे. दगड, धातू, हाड यांच्या बाबतीत कॅमेऱ्याला फक्त कातडी दिसते, आणि फुटायला लागल्यावर तर नुसता धुरळा.

पारदर्शक नसलेल्या वस्तूंसाठी क्ष-किरण आहेतच, असं कुणी म्हणेल. अडचण प्रकाशाच्या पुरवठ्याची होती. दवाखान्यातल्या क्ष-किरण नळीतून मायक्रोसेकंदात इतके थोडे किरण निघतात की चित्र उमटत नाही. १९३८ मध्ये जर्मनीत माक्स स्टीनबेक यांनी आणि अमेरिकेत किंग्डन व टॅनिस यांनी, वेगवेगळे, यावर उपाय काढला. वीज साठवून ती एका क्षणात नळीत ओतायची. ही क्ष-किरणांची ठिणगी, फ्लॅश एक्स-रे. बंदुकीची गोळी चिलखतात शिरताना, स्फोटकाची कवची फुलताना या पद्धतीनं पाहता आली. चंदीगडची टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी ही पद्धत वापरते. तिचं सर्वांत मोठं रूप अमेरिकेत लॉस अलामोस इथे आहे. तिथल्या डार्ट नावाच्या केंद्रात एकमेकांशी काटकोनात असलेले दोन प्रवेगक जाड धातूच्या आरपार पाहतात. पण दुसऱ्या प्रवेगकातूनही एका प्रयोगात चारच स्पंद मिळतात. चार चित्रांत तड्याची वाट कळणार नाही. शिवाय फ्लॅश नळीत किरण एका बिंदूतून न येता ठिपक्यातून येतात. त्यामुळे बारीक भेगेची कडा पुसट होते.

इथे सिंक्रोट्रॉन येतो. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं कड्यात फिरतात आणि चुंबकांमुळे वळताना क्ष-किरण फेकतात. शिकागोजवळ ऑर्गोन प्रयोगशाळेत अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स नावाचं कडं १९९० च्या दशकात सुरू झालं. त्याचा परीघ ११०४ मीटर. इलेक्ट्रॉन त्यात सलग धार म्हणून फिरत नाहीत, पुंजक्यांत फिरतात. त्या कड्यात बराच काळ २४ पुंजके ठेवत असत. आता गणित तुम्हीच करा. ११०४ ला २४ नं भागलं की दोन पुंजक्यांतलं अंतर ४६ मीटर. प्रकाशाला ते कापायला १५३ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे कड्यातून किरण बाहेर नेणाऱ्या वाटेच्या, बीमलाइनच्या, टोकाला दर १५३ नॅनोसेकंदांनी क्ष-किरणांचा एक स्पंद येतो आणि प्रत्येक स्पंद जेमतेम १०० पिकोसेकंदांच्या आसपास टिकतो. दीड हजार मीटर वेगाचा तडा एका स्पंदात एक मायक्रॉनच्या सहाव्या भागाइतकाही पुढे सरकत नाही, म्हणून चित्र हलत नाही. आणि दोन स्पंदांमध्ये तो सुमारे पाव मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणून पुढच्या चित्रात तो नव्या जागी दिसतो. गणपतीच्या मिरवणुकीत लुकलुकत्या दिव्याखाली नाचणारे जसे थांबून थांबून दिसतात, तसंच हे.

दुसरी गोष्ट याहूनही मोलाची आहे. भेग म्हणजे रिकामी जागा. काही मायक्रॉन रुंदीच्या भेगेमुळे क्ष-किरणांच्या शोषणात जो फरक पडतो तो इतका नगण्य असतो, की साध्या एक्स-रेत ती दिसणार नाही. पण सिंक्रोट्रॉनचा उगमबिंदू अतिशय लहान आणि दूर असतो, त्यामुळे त्याच्या लाटा शिस्तीत चालतात. पदार्थातून जाताना त्या किंचित वाकतात, आणि पाहण्याचा पडदा नमुन्यापासून थोडा मागे ठेवला की या वाकण्यामुळे प्रत्येक कडेला एक उजळ आणि एक काळी रेघ उमटते. याला फेज कॉन्ट्रास्ट म्हणतात. न दिसणारी भेग त्यामुळे काजळाच्या रेघेसारखी उठून दिसते.

आता घड्याळांकडे येऊ. पर्ड्यू विद्यापीठातल्या वेइनाँग चेन यांच्या गटानं ऑर्गोनच्या शास्त्रज्ञांबरोबर कोल्स्की बार उचलून ३२ क्रमांकाच्या बीमलाइनवर नेला. २०१३ मध्ये त्यांनी या जुळणीचं वर्णन प्रसिद्ध केलं. ऐकायला सोपं वाटतं. पण अडचण लक्षात घ्या. कड्याचं घड्याळ नॅनोसेकंदात चालतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. दुसरीकडे गॅस गनची झडप उघडायला सांगितल्यावर दांडा नेमका कधी आदळेल यात कित्येक मिलिसेकंदांचा फरक पडतो. मग झोत आधीपासूनच चालू का ठेवू नये? कारण हा झोत इतका प्रखर असतो की नमुना तापतो, स्फटिकाची चकती तापते, प्लॅस्टिकसारखा पदार्थ तर आघाताआधीच बदलतो. म्हणून शटर काही मिलिसेकंदांपुरतंच उघडायचं आणि दांड्यानं त्या फटीतच येऊन आदळायचं.

कॅमेऱ्याची अडचण वेगळी. अशा प्रयोगांत क्योटोच्या शिमाझू कंपनीचा एक कॅमेरा वापरला जातो. तो सेकंदाला ५० लाख चित्रांच्या वेगानं १२८ चित्रं घेतो आणि ती संवेदकावरच्या स्मृतीत साठवतो. (याच कंपनीनं ऑक्टोबर १८९६ मध्ये, रंटगेनच्या शोधाला वर्षही झालेलं नसताना, जपानमध्ये क्ष-किरण चित्र घेतलं होतं. इतकी वर्षं एका विषयाशी निष्ठा राखणाऱ्या कारखान्याविषयी मला आदर वाटतो.) १२८ चित्रं म्हणजे पंचवीस मायक्रोसेकंद. धक्काच १२० मायक्रोसेकंदांचा असतो, हे मघाशी सांगितलं. तडा नेमका कोणत्या पंचवीस मायक्रोसेकंदांत जाईल हे आधी ठरवावं लागतं. उशीर झाला की तुकडे, घाई झाली की अखंड नमुना.

यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. गनच्या लहरीवर विश्वास ठेवायचाच नाही. पहिल्या दांड्यावर, नमुन्याच्या अलीकडे, गेज असतोच. लाट त्याच्यापाशी आली की तो कॅमेऱ्याला इशारा देतो. गेज नमुन्यापासून एक मीटर अलीकडे असेल, तर लाट नमुन्याला बरोबर २०० मायक्रोसेकंदांनी भिडणार, त्यात गडबड होऊ शकत नाही, कारण पोलादातला लाटेचा वेग ठरलेला आहे. म्हणजे आघात स्वतःच आपल्या येण्याची वर्दी देतो. मग कॅमेऱ्याचं प्रत्येक उघडणं कड्याच्या घड्याळाशी बांधलेलं असतं, की प्रत्येक चित्रात एक पूर्ण स्पंद पडावा, अर्धा इकडे अर्धा तिकडे होऊ नये. बर्ट्राम हॉपकिन्सनचा दांडा जिथे मोजमाप करत होता, तिथेच तो आता वेळही सांगतो.

क्ष-किरण थेट कॅमेऱ्यात जात नाहीत. ते आधी एका पातळ स्फटिकावर पडतात, स्फटिक चमकतो, तो दृश्य प्रकाश आरशानं वळवून भिंगातून कॅमेऱ्याकडे नेला जातो आणि कॅमेरा झोताच्या बाजूला सुरक्षित राहतो. या स्फटिकाकडे मी शेवटी परत येणार आहे.

या जुळणीनं काय दिसलं? दोन वाळूचे दाणे दांड्यांमध्ये समोरासमोर ठेवून धक्का दिला. बाहेरच्या कॅमेऱ्याला ढग दिसला असता. क्ष-किरणांत दिसलं की काही पदार्थांचे दाणे एका क्षणात भुकटी होतात, तर काहींत स्पर्शबिंदूपासून मोजक्या भेगा निघतात आणि दाणा मोठ्या तुकड्यांत दुभंगतो. वाळूवर बॉम्ब पडला, खांब ठोकला, की धक्क्याची ऊर्जा कुठे जाते या प्रश्नाचं उत्तर यातल्या फरकात आहे. हाडाच्या बाबतीत प्रश्न थेट माणसाचा होतो. हळू ताण दिला तर हाडातला तडा आतल्या रचनेला वळसे घालत वाकडातिकडा जातो आणि त्या वळणांत त्याची शक्ती खर्च होते. धक्का वेगवान असेल तर तो बराच सरळ धावतो, वळसे कमी होतात. म्हणजे संथ यंत्रावर मोजलेली हाडाची चिवटाई अपघाताच्या हिशोबात जशीच्या तशी धरता येत नाही. हेल्मेट घडवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

त्याच कड्याच्या ३५ क्रमांकाच्या विभागात वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या योगेंद्र गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली याहून तीव्र आघातांचं केंद्र उभं राहिलं. तिथे चित्रांबरोबरच अणूंच्या मांडणीची नोंदही एका स्पंदात घेतात. ग्राफाइटवर सुमारे ५ लाख वातावरणांचा दाब आघातानं आणल्यावर ते नॅनोसेकंदांत षट्कोनी हिऱ्यात बदलतं, हे तिथल्या प्रयोगांतून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. उल्कापातांच्या जागी सापडणाऱ्या या हिऱ्याविषयी पन्नास वर्षं वाद होता.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. त्या बीमलाइनवरचे किरण साधारण २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. पोलादाच्या ०.१ मिलिमीटर जाडीतच त्यांतले सुमारे दोन तृतीयांश शोषले जातात. म्हणजे मोटारीचा एक मिलिमीटरचा पत्रा जसाच्या तसा तिथे ठेवून उपयोग नाही. दृश्य दोन-तीन मिलिमीटरचं. आणि हे सगळं सावलीचं चित्र आहे. तडा पृष्ठभागासारखा पसरतो, आपल्याला त्याची एकाच दिशेनं पडलेली छाया दिसते. नमुना फिरवून सर्व बाजूंनी पाहण्याची पद्धत वेगवान झाली आहे. स्वित्झर्लंडमध्ये फेसाळ धातूंची सेकंदाला हजार त्रिमितीय चित्रं घेतली गेली. पण दांड्यांमध्ये धरलेला, एकदाच फुटणारा नमुना फिरवणार कसा? म्हणून युरोपात एकच झोत स्फटिकांनी फोडून तो नमुन्यावर अनेक दिशांनी एकदम सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेसरमध्ये स्पंद इतका तेजस्वी असतो की त्याचे तुकडे केले तरी चित्र उमटतं. तिथे सेकंदाला दहा लाखांहून अधिक चित्रांच्या वेगानं पाण्यानं भरलेली काचेची नळी फुटताना पाहिली गेली, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. अनेक दिशांनी एकदम पाहण्याच्या या पद्धतीत मला सर्वांत मोठी आशा वाटते.

आपल्याकडे इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे कडं आहे, २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचं, १७२ मीटर परिघाचं. त्यावर प्रतिमांकनाची बीमलाइन भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारली आणि तिथे उत्तम काम होतं. पण तिथला झोत एका स्पंदात चित्र उमटवण्याइतका प्रखर नाही. हॅम्बुर्गचं पेट्रा-३ आणि जपानमधल्या त्सुकुबाची फोटॉन फॅक्टरी या सिंक्रोट्रॉनांवर भारतीय संशोधकांसाठी करारानं वाटा आहे, आणि अशा ठिकाणी बीमटाइम, म्हणजे झोत वापरण्याचा वेळ, प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून कोल्स्की बार आहेत, त्यावर नीट काम केलेली मुलं आहेत. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातले लोक प्रस्ताव लिहितात, आपले यांत्रिकीचे लोक फार कमी लिहितात. हे मला खटकतं, कारण दांडा ज्याला नीट समजला आहे तोच या प्रयोगाचा अर्धा मालक आहे.

आणि आता तो स्फटिक. ऑर्गोनचं कडं एप्रिल २०२३ मध्ये बंद करून नव्यानं बांधलं गेलं आणि २०२४ पासून पुन्हा चालू झालं. आता त्यात वेळेच्या प्रयोगांसाठी ४८ पुंजके ठेवण्याची सोय आहे, म्हणजे दर ७७ नॅनोसेकंदांनी एक स्पंद. पण नेहमीच्या वापरातला सीरियम मिसळलेला ल्युटेशियम-ॲल्युमिनियम गार्नेट स्फटिक एकदा चमकला की विझायला सुमारे ७० नॅनोसेकंद घेतो आणि त्यानंतरही त्याची मंद शेपूट रेंगाळते. पुढचा स्पंद येतो तेव्हा मागच्या चित्राची सावली त्यावर शिल्लक असते. कडं वेगवान झालं, कॅमेरे वेगवान होत आहेत, आणि सगळी साखळी या चकतीपाशी अडते. लवकर विझणारा, तरी भरपूर चमकणारा, आणि प्रखर झोतात न काळवंडणारा स्फटिक हवा आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात असे चमकणारे स्फटिक वाढवण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. गॅडोलिनियम, गॅलियम आणि ॲल्युमिनियम यांच्या गार्नेटचे मोठे एकस्फटिक तिथे वाढवले गेले आहेत. ते मुख्यतः किरणोत्साराच्या मोजणीसाठी आहेत. वेगवान प्रतिमांकनासाठी त्यांत कोणती भेसळ किती करावी, चकती किती पातळ घासावी आणि शेपूट कशी छाटावी, हे प्रश्न रसायनाचे, भट्टीचे आणि घासकामाचे आहेत. त्यासाठी कड्याची गरज नाही.

सभागृहात पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी बरेच दिसत आहेत. यातला कोणताही भाग अर्धवट राहिला असेल तर आता विचारा. कोल्स्की बारच्या समीकरणांसाठी मी फळा मागवून ठेवला आहे.